सूचिवेध इजा

सूचिवेध इजा : रुग्णाच्या रक्ताने किंवा शरीरातील इतर द्रवांनी दूषित झालेली सुई आरोग्यसेवेतील व्यक्तीच्या त्वचेत अपघाताने शिरून होणारी जखम. शस्त्रक्रियेचे पाते, टाके घालण्याची सुई, फुटलेली कुपी किंवा काचनळी यांनी होणाऱ्या जखमांचा समावेशही व्यवहारात याच संज्ञेत करतात. त्या सर्वांना मिळून तीक्ष्णवस्तुजन्य इजा म्हणणे अधिक काटेकोर होईल. जखम या दृष्टीने ही इजा बहुधा क्षुल्लक असते. रक्ताचा एखादा थेंब येतो, वेदना काही मिनिटांत थांबते व दुसऱ्या दिवशी खूणही उरत नाही. धोका असतो तो सुईच्या पोकळीत राहिलेल्या रक्ताचा. त्यात रोगकारक विषाणू असल्यास ते त्वचेचा संरक्षक थर ओलांडून सरळ ऊतकांत पोहोचतात आणि त्याचा परिणाम काही आठवड्यांनी, कधी कधी काही वर्षांनी दिसून येतो.

इतिहास : रुग्णाच्या शरीरातील दूषित द्रव्य वैद्याच्या जखमेतून त्याच्या शरीरात शिरू शकते, ही गोष्ट सूक्ष्मजंतूंचा शोध लागण्यापूर्वीच लक्षात आली होती. व्हिएन्ना येथील न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोप कोलेचका यांना १८४७ मध्ये शवविच्छेदन चालू असताना एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी लागली व जंतुविषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या शवपरीक्षेचा अहवाल वाचताना त्यांचे स्नेही इग्नाझ झेमेलव्हाइस (१८१८–६५) यांना त्यातील विकृती सूतिकाज्वराने मरण पावलेल्या स्त्रियांच्या शरीरांतील विकृतींसारख्याच आढळल्या. शवविच्छेदनगृहातून प्रसूतिकक्षात जाणाऱ्या वैद्यांच्या हातांवरूनच रोगाचा प्रसार होतो, हा त्यांचा निष्कर्ष येथूनच निघाला. हात धुण्याच्या प्रथेचा उगम सांगताना झेमेलव्हाइस यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. त्या शोधाच्या मुळाशी एका वैद्याची तीक्ष्णवस्तुजन्य इजा होती, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

पोकळ सुई व पिचकारी यांचा वैद्यकातील वापर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला. फ्रान्सिस रिंड यांनी डब्लिन येथे १८४४ मध्ये त्वचेखाली औषध सोडण्यासाठी पोकळ सुई वापरली. एडिंबरोचे अलेक्झांडर वुड व लीआँचे शार्ल गाब्रीएल प्राव्हाझ यांनी १८५३ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सुईला पिचकारीची जोड दिली. त्यानंतर सु. शंभर वर्षे काचेची पिचकारी व पोलादी सुई हीच अंतःक्षेपणाची साधने होती. प्रत्येक दवाखान्यात ती उकळण्याचे भांडे सतत स्टोव्हवर असे. वापरलेली सुई हाताने काढणे, तिच्या पोकळीत तार घालून ती साफ करणे व बोथट झालेले टोक सहाणेवर घासून पुन्हा धारदार करणे ही परिचारिकेची व कंपाउंडरची रोजची कामे होती. या प्रत्येक कामात बोटांना सुई लागत असे. पण ती व्यवसायाचा अपरिहार्य भाग समजली जाई व तिची नोंद ठेवण्याची कल्पनाही नव्हती. वापरून टाकून देण्याच्या प्लॅस्टिक पिचकाऱ्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आल्या. त्यांमुळे साफसफाई व धार लावणे ही कामे संपली, तथापि सुई हाताळण्याची जुनी सवय मागे राहिली. शिवाय एक नवा प्रश्न उभा राहिला : पूर्वी सुई दवाखान्यातच राहत असे, आता ती कचऱ्यात जाऊ लागली.

या इजेकडे गांभीर्याने पाहण्यास दोन विषाणू कारणीभूत झाले. बारूच ब्लूमबर्ग यांनी १९६५ मध्ये जाहीर केलेल्या ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजना’चा यकृतशोथाशी असलेला संबंध पुढील काही वर्षांत स्पष्ट झाला व रक्तचाचणीची सोय झाली. तेव्हा शस्त्रक्रियाविशारद, दंतवैद्य, रक्तापोहन विभागातील परिचारिका व प्रयोगशाळांतील तंत्रज्ञ यांच्यात ब प्रकारच्या यकृतशोथाचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा पुष्कळच अधिक असल्याचे आढळून आले. दुसरा विषाणू एचआयव्ही. सुई टोचल्याने त्याचे संक्रामण झाल्याची पहिली नोंद द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १९८४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. ती इंग्लंडमधील एका परिचारिकेची होती. यकृतशोथामुळे वर्षानुवर्षे जे घडले नव्हते, ते या एका नोंदीनंतर थोड्याच काळात घडले. रुग्णालयांत मोजे, जाड भिंतीचे खोके व नियमावल्या आल्या. वस्तुतः त्या वेळी व त्यानंतरही आरोग्यसेवकांच्या आयुष्याची अधिक हानी यकृतशोथानेच केली आहे.

संक्रामणाचा संभव : सुईटोचीतून वीसहून अधिक रोगजंतूंचे संक्रामण झाल्याच्या नोंदी आहेत. त्यांत हिवताप व उपदंश यांचाही समावेश होतो. इंग्लंडमधील पोर्टन डाउन येथील प्रयोगशाळेत १९७६ मध्ये एका संशोधकाच्या अंगठ्याला सुई लागून एबोला विषाणूचे संक्रामण झाले होते. तो उपचारानंतर बचावला. मात्र नेहमीच्या व्यवहारात महत्त्वाचे विषाणू तीनच : यकृतशोथ-ब, यकृतशोथ-क आणि एचआयव्ही.

प्रतिबंधक लस न घेतलेल्या व्यक्तीस यकृतशोथ-ब असलेल्या रुग्णाच्या रक्ताची सुई टोचल्यास संक्रामणाचा संभव सु. ६ ते ३० टक्के असतो. रुग्णाच्या रक्तात ‘ई’ प्रतिजन असल्यास, म्हणजे विषाणूची वाढ जोमाने चालू असल्यास, तो वरच्या मर्यादेजवळ जातो. अशा रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये दहा कोटी किंवा त्याहूनही अधिक विषाणू असू शकतात. सुईटोचीत शरीरात जाणारे रक्त साधारणपणे एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग असते; तरीही त्यातून लाखभर विषाणू आत जातात. हा विषाणू चिवटही आहे. वाळलेल्या रक्तात तो निदान सात दिवस संक्रामक राहतो. त्यामुळे बाधा झालेल्या अनेक आरोग्यसेवकांना सुई लागल्याचे आठवतच नाही. टेबलावरील किंवा उपकरणावरील वाळलेला डाग व हातावरील एखादा ओरखडा एवढे पुरेसे होते.

एचआयव्हीच्या बाबतीत हे प्रमाण सु. ०·३ टक्के, म्हणजे तीनशे इजांमागे एक असे आहे. रक्त डोळ्यांत किंवा तोंडात उडाल्यास ते सु. ०·०९ टक्के इतके कमी होते. वैद्यकीय विद्यार्थ्यांना ब, क व एचआयव्ही यांसाठी अनुक्रमे ३०, ३ व ०·३ टक्के असा आकड्यांचा सोपा क्रम पाठ करण्यास शिकवीत असत. त्यातील मधला आकडा आता टिकत नाही. यकृतशोथ-कबाबतचा जुना अंदाज १·८ टक्के होता व अलीकडील मोठ्या अभ्यासांत तो ०·२ टक्क्यांच्या आसपास आढळला आहे.

या सरासऱ्यांवरून विशिष्ट इजेविषयी अनुमान काढता येत नाही. अमेरिका, फ्रान्स, ब्रिटन व इटली येथील नोंदींवर आधारलेला एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एचआयव्हीची बाधा झालेल्या ३३ आरोग्यसेवकांची बाधा न झालेल्या ६६५ जणांशी तुलना करण्यात आली होती. खोलवर गेलेली जखम, सुईवर डोळ्यांना दिसणारे रक्त, सुई थेट नीलेत किंवा रोहिणीत घातलेली असणे आणि रुग्ण एड्‌सच्या अंतिम अवस्थेत असणे या गोष्टींनी धोका स्पष्टपणे वाढत होता. जाड पोकळ सुईत रक्त अधिक राहते. टाक्याची सुई भरीव असते व मोज्यातून जाताना तिच्यावरील पुष्कळसे रक्त पुसले जाते. म्हणून मोजा सुई अडवीत नसला, तरी निरुपयोगी नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या अहवालानुसार जगातील सु. साडेतीन कोटी आरोग्यसेवकांपैकी ३० लक्ष जणांना दरवर्षी दूषित तीक्ष्ण वस्तूंनी इजा होत होती. आरोग्यसेवकांमधील यकृतशोथ-बच्या बाधांपैकी सु. ३७ टक्के व यकृतशोथ-कच्या बाधांपैकी सु. ३९ टक्के या इजांमुळे होतात, असा अंदाज त्या वेळी करण्यात आला. एचआयव्हीसाठी हा आकडा ४·४ टक्के होता.

इजा कशा घडतात : रुग्णाने अचानक हात हिसकल्याने सुई लागते, असा सर्वसाधारण समज आहे. असे घडते खरे. परंतु पुष्कळशा इजा अंतःक्षेपण संपल्यानंतर, म्हणजे रुग्णाचा संबंध सुटल्यावर होतात. वापरलेल्या सुईला तिचे टोपण पुन्हा लावणे हे त्यांचे जुने व कुप्रसिद्ध कारण होय. टोपणाचे तोंड लहान असते, ते धरणारा हात सुईच्या समोर असतो आणि नेम किंचित चुकला की सुई तर्जनीत किंवा अंगठ्यात शिरते. टोपण लावू नये हे प्रत्येक परिचारिकेला शिकविलेले असते, तरीही ते लावले जाते. याचा दोष निष्काळजीपणास देणे सोपे असले, तरी बरोबर नाही. सुया टाकण्याचे खोके खोलीच्या दुसऱ्या टोकाला किंवा वऱ्हांड्यात असेल, तर उघडी सुई हातात घेऊन गर्दीतून चालत जाण्यापेक्षा टोपण लावणे तिला अधिक सुरक्षित वाटते. इतरांना सुई लागू नये म्हणून ती स्वतःच्या बोटाचा धोका पतकरते. खोके खाटेजवळ ठेवले की ही सवय बरीचशी आपोआप कमी होते.

वृक्काकार तबकात कापसाच्या बोळ्याखाली राहिलेली सुई, चादरीत गुंडाळून धोब्याकडे गेलेली सुई, काठोकाठ भरलेल्या खोक्यातून वर आलेले टोक, रक्तशर्करा तपासून टेबलावर ठेवलेली टोचणी ही इतर नेहमीची कारणे होत. शस्त्रक्रियागृहात उपकरणे हातोहात देताना आणि खोल जखमेत सुईचे टोक बोटाने चाचपताना इजा होते. थकव्याचा वाटाही मोठा आहे. अमेरिकेतील प्रशिक्षणार्थी डॉक्टरांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सलग लांबलेल्या पाळीत व रात्रीच्या वेळी अशा इजा अधिक होत असल्याचे दिसून आले.

सुई वापरणारा व सुई लागणारा यांतील फरक विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. सफाई कामगार, आया, वॉर्डबॉय, धुलाईघरातील माणसे व कचरा वाहून नेणारे यांनी कधीही कोणाला अंतःक्षेपण दिलेले नसते. त्यांना लागणारी सुई दुसऱ्याने टाकलेली असते, ती कोणत्या रुग्णाची हे कळण्यास मार्ग नसतो आणि त्यामुळे पुढील उपचार ठरविणेही अवघड होते. यांतील पुष्कळजण कंत्राटी असतात; इजेची नोंद करण्यासाठी गेलेला वेळ हा त्यांच्यासाठी बुडालेला रोज ठरू शकतो.

प्रतिबंध : सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे अनावश्यक सुई टाळणे. तोंडावाटे देता येणारे औषध अंतःक्षेपणाने दिल्यास रुग्णाचा लाभ वाढत नाही, धोका मात्र दोघांचाही वाढतो. सुई टोचल्याशिवाय डॉक्टरने औषध दिले असे वाटत नाही, ही रुग्णांची भावना महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात परिचयाची आहे व अनेक व्यावसायिकांनी तीच जोपासली आहे.

वापरलेली सुई वाकवू नये, मोडू नये, हाताने पिचकारीपासून वेगळी करू नये व तिला टोपण लावू नये, हे मूलभूत नियम आहेत. काही प्रसंगी टोपण लावणे अटळच असेल, तर टोपण सपाट पृष्ठभागावर ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवितात. दुसरा हात मागे ठेवतात. भारतातील रुग्णालयांत सुई कापण्याचे यंत्र वापरले जाते, ते वापरायचे तर वापराच्या ठिकाणीच हवे. तीक्ष्ण वस्तूंचे खोके न भोसकले जाणारे व न गळणारे असावे आणि तीन-चतुर्थांश भरताच बंद करावे. उरलेल्या चौथाईत सुया कोंबण्याच्या प्रयत्नात अनेक हात जखमी झाले आहेत. शस्त्रक्रियेत उपकरण हातात न देता मधल्या तबकात ठेवणे व स्नायू शिवताना बोथट टोकाची सुई वापरणे उपयुक्त ठरते. अशा सुयांमुळे मोजे फाटण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटते.

सुरक्षित रचनेच्या सुयांत वापरानंतर टोक आपोआप आत ओढले जाते किंवा त्यावर आवरण सरकते. लसीकरणात वापरली जाणारी स्वयंनिष्क्रिय पिचकारी हिच्याहून वेगळी होय. दट्ट्या एकदा पुढे गेला की अडकतो व ती पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे पुढील बालकाचे रक्षण होते. परंतु तिची सुई उघडीच राहत असल्याने परिचारिकेस तिच्यापासून संरक्षण मिळत नाही. हे दोन हेतू अनेकदा एकच समजले जातात. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही गुण असलेल्या पिचकाऱ्यांचा पुरस्कार केला.

यकृतशोथ-बची लस हे आरोग्यसेवकाचे सर्वांत भक्कम कवच आहे. रक्तद्रवापासून बनविलेली पहिली लस अमेरिकेत १९८१ मध्ये मान्य झाली, पुनःसंयोजित लस १९८६ मध्ये आली. भारतात हैदराबाद येथे तयार झालेली पुनःसंयोजित लस १९९७ मध्ये बाजारात आल्यावर किंमत झपाट्याने उतरली. पहिली मात्रा, एका महिन्याने दुसरी व सहा महिन्यांनी तिसरी दिल्यानंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडे तपासावीत. ती प्रति मिलिलिटर १० मिलि-आंतरराष्ट्रीय एकक वा अधिक असल्यास संरक्षण मिळाले असे समजतात. लसीकरण व सर्वसामान्य दक्षता यांमुळे अमेरिकेतील आरोग्यसेवकांमध्ये या रोगाच्या नव्या बाधा १९८३ ते १९९५ या काळात सु. ९५ टक्क्यांनी घटल्या. यकृतशोथ-क व एचआयव्ही यांवर लस नाही.

इजा झाल्यानंतर : जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी. रक्त पिळून काढणे, बोट तोंडात घालणे, जखम घासणे, तीवर विरंजक किंवा तीव्र जंतुनाशक ओतणे या नैसर्गिक वाटणाऱ्या कृती टाळाव्यात. त्यांनी ऊतकांस इजा पोहोचते व उपयोग काहीही होत नाही. डोळ्यांत रक्त उडाल्यास स्वच्छ पाण्याने ते सतत धुवावेत. त्यानंतर विलंब न लावता वरिष्ठांस कळवून जखमी व्यक्तीची व, संमती घेऊन, रुग्णाची रक्ततपासणी करतात.

एचआयव्हीचा संभव असल्यास प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांच्या आत सुरू करतात. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग होत नाही असे मानले जाते. भारतात त्यासाठी टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्यूडीन व डोल्युटेग्राव्हिर यांचे मिश्रण २८ दिवस देतात. वर उल्लेखिलेल्या १९९७ च्या अभ्यासात केवळ झिडोव्ह्यूडीन घेतलेल्यांमध्ये धोका सु. ८१ टक्क्यांनी कमी आढळला होता. लस न घेतलेल्या व्यक्तीस यकृतशोथ-बसाठी लसीबरोबरच प्रतिरक्षा ग्लोब्युलीन, शक्यतो २४ तासांत, देतात. यकृतशोथ-कसाठी प्रतिबंधक औषध देत नाहीत. ठराविक काळाने तपासण्या करून बाधा आढळल्यास थेट विषाणूवर कार्य करणाऱ्या औषधांनी उपचार करतात व त्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात.

पुढील तपासण्या साधारणपणे सहा आठवडे, तीन महिने व सहा महिने या अंतराने होतात. या काळात रक्तदान करू नये व शरीरसंबंधात निरोध वापरावा, असा सल्ला देतात. प्रत्यक्ष बाधेचा संभव अल्प असला, तरी हा काळ फार कठीण जातो. घरी सांगावे की नाही, लहान मुलांना जवळ घ्यावे की नाही, नोकरी राहील की नाही, अशा शंकांनी मनुष्य पोखरला जातो. (मुलांना जवळ घेण्याने यांपैकी कोणताही रोग पसरत नाही.) याच भीतीपोटी, तसेच हलगर्जीपणाचा ठपका येईल म्हणून, असंख्य इजा कधीच नोंदविल्या जात नाहीत आणि ज्या तासांत औषधांचा उपयोग झाला असता, ते तास निघून जातात. उपलब्ध आकडे म्हणूनच नेहमी प्रत्यक्षाहून कमी असतात.

कायदे : अमेरिकेत २००० मध्ये संमत झालेल्या कायद्याने सुरक्षित रचनेच्या सुया पुरविणे व त्यांची निवड करताना प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे मत घेणे मालकांस बंधनकारक केले, पुढच्याच वर्षी तेथील रुग्णालयांतील इजांचे प्रमाण एक-तृतीयांशाहून अधिक घटले. त्या देशात १९८५ ते २०१३ या काळात व्यवसायातून एचआयव्हीची निश्चित बाधा झालेल्या ५८ व्यक्तींची नोंद झाली, त्यांतील २४ परिचारिका होत्या. यूरोपीय संघाने असाच निदेश २०१० मध्ये काढला.

भारतात जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम १९९८ मध्ये व सुधारित नियम २०१६ मध्ये झाले. २०१६ च्या नियमांनुसार सुया व पाती पांढऱ्या अर्धपारदर्शक, न भोसकल्या जाणाऱ्या पात्रात टाकावयाची असतात आणि कचरा हाताळणाऱ्यांसह सर्व कर्मचाऱ्यांना यकृतशोथ-ब व धनुर्वात यांच्या लशी देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. एचआयव्ही व एड्‌सविषयक २०१७ च्या अधिनियमाने सुरक्षित कार्यपरिस्थिती, प्रशिक्षण व इजेनंतरची औषधे पुरविण्याची जबाबदारी आस्थापनेवर टाकली. तो सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. कचऱ्यातील पिचकाऱ्यांचे काय होऊ शकते, याचे उदाहरण गुजरातमधील मोडासा येथे २००९ मध्ये दिसले. दूषित पिचकाऱ्यांच्या पुनर्वापरातून तेथे यकृतशोथ-बची साथ उद्भवून अनेकजण दगावले.

रुग्णालयाबाहेरील सुयांचा प्रश्न त्यामानाने नवा आहे. मधुमेही रुग्ण घरी इन्शुलिन टोचून घेतात व सुया घरच्या कचऱ्यात जातात. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या सभासदांसारख्या कचरावेचकांना त्या हातांनीच वेगळ्या कराव्या लागतात. घरातील वापरलेल्या सुयांची गणना २०१६ च्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचऱ्यात करण्यात आली. झाकणाच्या जाड प्लॅस्टिकच्या बरणीत त्या साठवून, बरणी चिकटपट्टीने बंद करून व तीवर ठळक अक्षरांत ‘सुया’ असे लिहून ती ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळी देणे, एवढे कोणत्याही घरात करता येते.